दोन 'आ'चं आडनाव

जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात ब्राँझचे दोन धिप्पाड पुतळे आहेत. एक आल्बुकर्कचा. त्याला निदान शाळेच्या इतिहासामुळे सगळे ओळखतात. दुसऱ्यापाशी लोक घटकाभर थांबतात, हातातली कागदाची गुंडाळी बघतात आणि पुढे सरकतात. मी पहारेकऱ्याला विचारलं, "हा कोण?" तो म्हणाला, "पोएट." नाव त्यालाही घेता येत नसावं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. Camões हे पोर्तुगीज नाव आपल्या जिभेला कुठून धरावं तेच कळत नाही. कामोंइश, असं साधारण म्हणता येईल.

थांबा, नाव आधी देवनागरीतच पक्कं करू: लुइश द कामोंइश. पोर्तुगीज भाषेचा सर्वांत मोठा कवी. १५५३ साली गोव्यात उतरला, पूर्वेकडे बरीच वर्षं भटकला, १५७२ साली लिस्बनला त्याचं 'ओश लुझीआदश' हे महाकाव्य छापलं गेलं. त्याची छापलेली पहिली कविता मात्र गोव्यातच निघाली. १५६३ साली गार्सिया द ऑर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यात छापला गेला, त्याच्या सुरुवातीला व्हाइसरॉयला उद्देशून लिहिलेलं या कवीचं स्तुतिकाव्य आहे. हा ऑर्ता म्हणजे ज्याच्याकडे मुंबई बेटाचा खंड होता तोच. पुतळा १९६० साली उघड्यावर, चर्चच्या आवारात उभा केला होता. पुढच्याच वर्षी पोर्तुगीज गेले. पुतळ्यावरून पुढे राग धुमसला आणि शेवटी तो संग्रहालयाच्या छपराखाली आला.

त्याच दिवशी दुपारी मी करमळीच्या तळ्यावर गेलो. संग्रहालयापासून चार-पाच किलोमीटर. कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन तळ्याला खेटूनच आहे. पाणवनस्पतींच्या गर्दीत जांभळ्या पाणकोंबड्या चरत होत्या. कोंबडीएवढा पक्षी, अंग निळं-जांभळं, चोच आणि पाय लालभडक, आणि पाऊल टाकताना शेपटी अशी उडवायची की खालचा पांढरा ठिपका चमकलाच पाहिजे. एकीने देठ उपटला, पोपटासारखा पायाच्या बोटांत धरला आणि सोलून सोलून खाल्ला. या पक्ष्याच्या भूमध्य समुद्राकडच्या भावंडाला स्पॅनिशमध्ये 'कालामोन' म्हणतात. पोर्तुगीजमध्ये त्याचं नाव 'कामांव'. आणि कामांवचं अनेकवचन कामोंइश.

म्हणजे महाकवीचं आडनाव पाणकोंबड्या? तशी एक कथा खरंच सांगितली जाते. हा पक्षी घरात पाळला, आणि घरधनीण नवऱ्याशी बेइमान झाली, तर तो लाजेने प्राण सोडतो, असा समज प्राचीन ग्रीक लेखकांपासून चालत आलेला. कवीच्या घराण्यातल्या कुण्या सतीवर खोटा आळ आला, पक्षी जिवंत राहिला, तिची अब्रू वाचली आणि कृतज्ञतेने घराण्याने पक्ष्याचं नाव घेतलं, असा कथेचा पुढचा भाग. कवीनेही एका पद्यपत्रात या पक्ष्याचा उल्लेख केला आहे. गोष्ट गोड आहे, पण आडनावांच्या अशा गोष्टी बहुधा आडनाव आधी आणि गोष्ट नंतर अशाच जन्मतात. आपल्याकडे कितीतरी आडनावांमागे एखादा पराक्रम रचला जातो, तसंच.

खरा माग पक्ष्याकडे जात नाही. तो गालिसियात जातो.

गालिसिया म्हणजे स्पेनचा वायव्य कोपरा, पोर्तुगालच्या डोक्यावर टेकलेला. पाऊस भरपूर, किनारा खाड्यांनी फाटलेला, शेतं हातरुमालाएवढी. कोकणातल्या माणसाला तिथलं वर्णन वाचताना परकं वाटणार नाही. मध्ययुगात गालिसिया आणि पोर्तुगाल यांची भाषा एकच होती, आणि आजही दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बाजारात एकमेकींशी दुभाष्याशिवाय भांडू शकतील.

कवीचा खापरपणजोबा वास्को पिरेश द कामोंइश हा गालिसियाचा. १३६९ साली कास्तिलचा राजा पेद्रो याला त्याच्या सावत्र भावाने मारलं आणि गादी घेतली. पेद्रोच्या बाजूचे गालिसियन सरदार सीमा ओलांडून पोर्तुगालच्या फेर्नांदु राजाकडे आले, त्यांत हा एक. राजाने त्याला जमिनी दिल्या. पुढे १३८५ च्या लढाईत तो हरणाऱ्या बाजूला उभा राहिला, पकडला गेला आणि मिळालेलं बरंचसं गमावून बसला. तोही कवी होता. पंधराव्या शतकात कास्तिलच्या मार्केस दे सान्तियानाने जुन्या कवींची आठवण काढताना त्याचं नाव घेतलं आहे. त्याचीच म्हणून छातीठोकपणे सांगता येईल अशी ओळ मात्र उरलेली दिसत नाही.

त्याच्या नावाची बांधणी मराठी माणसाने थोडी न्याहाळावी. वास्को हे त्याचं नाव. पिरेश म्हणजे पेरोचा मुलगा. द कामोंइश म्हणजे कामोंइश गावचा. नाव, बापाचं नाव, गाव: वासुदेव पांडुरंग नेवरेकर. फरक इतकाच की आपण गावाला 'कर' लावतो आणि ते गावाआधी 'द' लावत. त्याचा मुलगा झाला जुआंव वाश, म्हणजे वास्कोचा जुआंव. इथवर हिशेब बरोबर. पण नातू आंतांवही 'वाश'च राहिला आणि पणतू, म्हणजे कवीचा बाप, सिमांवही 'वाश'च. बापाचं नाव दर पिढीला बदलायचं सोडून एका जागी गोठलं. आडनाव जन्मतं ते या गोठण्यातून.

मग हे कामोंइश गाव कुठलं? इथे दोन दावेदार आहेत. एक, गालिसियाच्या दक्षिणेला निग्रानजवळचं कामोस. दुसरा दावा सतराव्या शतकातल्या चरित्रकारांचा: फिनिस्तेरेच्या भूशिराकडचा एक गढीवजा वाडा आणि त्या किनाऱ्यावरचं काआमान्यो हे घराणं. सतराव्या शतकात कवी महान ठरला होता आणि महान माणसाला साधं गाव चालत नाही. आपल्याकडच्या निम्म्या वंशावळी जशा चितोडगडाच्या पायथ्याशी जाऊन पोचतात, तशी त्यांनाही गढी हवी होती.

मला विचाराल तर दोन्ही दावे कानाला खटकतात. गालिसियनमधला 'न्य' पोर्तुगीजमध्येही 'न्य'च राहतो, फक्त लिहायची अक्षरं बदलतात. काआमान्यो सीमा ओलांडून गेलं असतं तर 'कामान्यु' झालं असतं, कामोंइश नव्हे. कामोसचा जोर पहिल्या अक्षरावर, कामोंइशचा शेवटच्यावर. तेही सुखासुखी जुळत नाही. पण या शोधात काआमान्यो हे आडनाव हाती लागलं, आणि खरं सांगायचं तर मला कवीपेक्षा त्याच्यातच जास्त रस वाटू लागला.

काआमान्यो हे एका पॅरिशचं नाव आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या घंटेच्या टापूतल्या चार-सहा वाड्या. आ कोरुन्या प्रांतात, बार्बान्साच्या द्वीपकल्पावर, पोर्तो दो सॉन नावाच्या तालुक्यात, समुद्राकाठी. जवळच बारोन्याचा कास्त्रो आहे: समुद्रात घुसलेल्या खडकावर दगडी गोल घरांची लोहयुगीन वस्ती, जिच्या भिंती अजून कमरेइतक्या उभ्या आहेत. गालिसियात असे साडेतीन हजारांहून जास्त पॅरिश आहेत आणि वाड्यावस्त्या तर सुमारे तीस हजार. एवढी गावं म्हटल्यावर गावावरून पडलेली आडनावंही तितकीच, आणि त्यांतली कितीतरी एकेका खाडीपुरती. पेरेस, लोपेस, गार्सिया, फेर्नान्देस ही बापाच्या नावावरून आलेली आडनावं मात्र गल्लोगल्ली. त्यांच्यातून काआमान्योसारखं नाव शोधणं म्हणजे पाटील-जाधवांच्या यादीतून एखादा नेवरेकर शोधणं.

या नावातले दोन 'आ' आधी बघू, कारण गंमत त्यांच्यात आहे. गालिसियन-पोर्तुगीज भाषेची एक जुनी खोड: दोन स्वरांच्या मधे सापडलेला 'ल' किंवा 'न' गिळून टाकायचा. लॅटिनचा चंद्र 'लूना', स्पॅनिशमध्ये 'लूना'च राहिला, गालिसियात 'लूआ' झाला. स्पॅनिश 'बोलार' म्हणजे उडणं, गालिसियन 'बोआर'. 'दोलोर' म्हणजे दुःख, त्याचं 'दोर'. मघाचा पक्षी आठवा: कालामोन आणि कामांव. तिथेही 'ल' गेलाच. म्हणजे एखाद्या जुन्या गावाच्या नावात दोन 'आ' शेजारी बसलेले दिसले की समजावं, मधून बहुधा कुणीतरी उठून गेलंय. खुर्ची रिकामी आहे, पण दोघं अजून सरकून बसलेले नाहीत. मराठी वाचकाला हे पटवून द्यायची गरज नाही. महाराष्ट्री प्राकृताने हाच उद्योग केला म्हणून 'नगर'चं 'नयर' झालं आणि शेवटी 'नेर'. पिंपळनेरच्या माणसाला आपल्या गावातला 'ग' कुठे गेला असं कुणी विचारत नाही.

कागदावर मात्र या दोन 'आ'नी बरीच हयात काढली. पण नाव मुळात कागदावर येतं कशाला? शेजारच्या नोइया गावातल्या सांता मारिया आ नोव्हा या चर्चच्या आवारात मध्ययुगीन थडग्यांच्या शेकडो शिळा आहेत. पुष्कळ शिळांवर नाव कोरलेलंच नाही. आहे ते हत्यार. चांभाराची शिळा म्हणून जोड्याचा तळवा आणि कातडं कापायची सुरी, खलाशाची म्हणून नांगर, सुताराची म्हणून कुऱ्हाड. लेखकांना वाटतं नावावाचून माणूस हरवतो; नोइयाच्या लोकांना नांगर पुरत होता. खाली कोण आहे हे गावाला ठाऊकच होतं. नाव लागतं ते अनोळखी माणसांपुढे, म्हणजे कारकुनापुढे. तो कारकून आधी पाद्र्याच्या रूपात आला: त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली, म्हणजे ऑर्ताचा ग्रंथ गोव्यात छापला जात होता त्याच वर्षी, प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवलीच पाहिजे असा हुकूम काढला. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये वह्या ठेवतात त्या यजमानाच्या सोयीसाठी. या वह्या सक्तीच्या. मग १८७१ पासून स्पेनची सरकारी नोंदवही सुरू झाली आणि प्रत्येकाला दोन आडनावं चिकटली: पहिलं बापाचं, दुसरं आईचं. लग्न झालं म्हणून बाईचं आडनाव बदलत नाही. ही एक गोष्ट त्यांनी आपल्या पुष्कळ आधी नीट केली.

पाद्री आणि कारकून दोघेही लिहायचे स्पॅनिशमध्ये, कारण गालिसियन ही शेतावर बोलायची भाषा. ज्या आडनावाचा अर्थ कळे, त्याचं सरळ भाषांतर होई. टेकाड म्हणजे 'ओउतेइरो', त्याचं 'ओतेरो' झालं. राई म्हणजे 'सोउतो', त्याचं 'सोतो'. असे हजारो ओउतेइरो ओतेरो होऊन बसले. काआमान्यो वाचलं, कारण त्याचा अर्थ कुणालाच लागेना. कारकुनाने फार तर एखादा 'आ' कमी केला. म्हणून आज एका 'आ'चे कामान्यो आणि दोन 'आ'चे काआमान्यो अशी दोन्ही आडनावं नांदतात, आणि सख्ख्या चुलत घराण्यांच्या कागदांवरही हा फरक पडू शकतो.

आज हे आडनाव कुठे आहे ते बघायला सान्तियागोच्या गालिसियन भाषा संस्थेने केलेला आडनावांचा नकाशा आहे. आडनाव निवडावं, आणि तालुके गडद-फिके होत जातात. काआमान्योचा रंग आ कोरुन्याच्या पश्चिम किनाऱ्यावर साचतो, आत डोंगरांकडे जाता जाता विरतो. स्पेनच्या सांख्यिकी खात्याची यादीही आहे, पण तिचा एक दंडक मला आवडला: देशभरात वीसपेक्षा कमी लोक असलेलं आडनाव ती दाखवतच नाही, माणूस ओळखू येईल म्हणून. काआमान्यो त्या उंबरठ्याच्या बरंच वर आहे. दुर्मीळ, पण लपण्याइतकं नव्हे.

नकाशाला न दिसणारा भाग समुद्रापलीकडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शंभर वर्षं गालिसिया रिकामा होत राहिला. वाटणीत हातरुमालाच्या झालेल्या चिंध्या, वर सैन्यभरती. बिगो आणि आ कोरुन्याच्या धक्क्यांवरून बोटी भरून माणसं हवानाला, ब्वेनोस आइरेसला गेली. अर्जेंटिनात तर कुठल्याही स्पॅनिश माणसाला 'गायेगो', म्हणजे गालिसियन, म्हणायची पद्धत पडली. तिथे या लोकांनी गावोगावची मंडळं काढली. देशाचं नव्हे, प्रांताचंही नव्हे, पॅरिशचं मंडळ. वर्गणी काढून मूळ गावी शाळा बांधायची. गिरणगावातल्या खोलीत ट्रंका रचून राहणारे चाकरमानी आणि धोबीतलावच्या कुडांमधले, म्हणजे गाववार वसतिगृहांमधले, गोवेकर खलाशी याहून वेगळं काय करत होते? गालिसियाचं राष्ट्रगीत पहिल्यांदा गायलं गेलं ते गालिसियात नव्हे, १९०७ साली हवानात.

आणि अमेरिका खंडात या एका किनारी आडनावाने तीन देशांत राष्ट्रप्रमुखपदाच्या खुर्चीला हात लावला. तिघेही तिथेच जन्मलेले. गालिसिया मागे, कितव्या पिढीत कुणास ठाऊक. पहिल्या दोन वेळा शेवट बरा नाही.

पहिला इक्वादोरचा होसे मारिया प्लासिदो काआमान्यो. १८८४ ते १८८८ राष्ट्राध्यक्ष. पदावरून उतरल्यावर ग्वायास प्रांताचा गव्हर्नर असताना एका जहाजात अडकला. चीन-जपान युद्ध चाललं होतं, जपानला चिलीची 'एस्मेराल्दा' ही युद्धनौका हवी होती, पण चिली तटस्थ असल्याने विकू शकत नव्हता. तोडगा असा निघाला की कागदोपत्री जहाज इक्वादोरने घ्यायचं, इक्वादोरचा झेंडा लावून ते न्यायचं आणि जपानच्या हवाली करायचं. बिंग फुटलं. 'झेंडा विकला' अशी ओरड झाली, १८९५ साली त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षाला पायउतार व्हावं लागलं, मागोमाग क्रांती झाली. काआमान्यो देश सोडून गेला आणि १९०० साली सेविलमध्ये वारला. गालापागोसमध्ये सांता क्रूस बेटाजवळ याच आडनावाचं एक चिमुकलं बेट आहे. त्यावर समुद्रसिंह ऊन खात पडलेले असतात.

दुसरा डॉमिनिकन रिपब्लिकचा कर्नल फ्रान्सिस्को काआमान्यो देन्यो. बाप त्रुहियोच्या हुकूमशाहीतला सेनाधिकारी, पोरगाही लष्करी गणवेशातच वाढलेला. पण एप्रिल १९६५ मध्ये, लोकांनी निवडलेला आणि लष्कराने हाकललेला राष्ट्राध्यक्ष हुआन बोश याला परत आणण्यासाठी उठाव झाला, तेव्हा हा उठावाच्या बाजूने उभा राहिला. अमेरिकेने वीस हजारांहून अधिक सैनिक उतरवले. राजधानीच्या जुन्या भागात कोंडलेल्या उठाववाल्यांनी ४ मे रोजी काआमान्योला राष्ट्राध्यक्ष केलं. चार महिने तो होता. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांनी सांतो दोमिंगोला पाठवलेल्या निरीक्षकांचे लष्करी सल्लागार होते भारताचे मेजर जनरल इंदरजित रिखी. तडजोडीत काआमान्योला लंडनला लष्करी अताशे करून पाठवलं. १९६७ साली तो गायब झाला, क्यूबात उगवला, आणि फेब्रुवारी १९७३ मध्ये मोजक्या साथीदारांसह मायदेशाच्या किनाऱ्यावर उतरला. १६ तारखेला तो पकडला गेला आणि त्याला गोळी घालण्यात आली.

तिसरा एका 'आ'चा. अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली त्या डिसेंबर २००१-जानेवारी २००२ मध्ये दोन आठवड्यांच्या आत पाच माणसं राष्ट्रप्रमुखाच्या जागी बसली. त्यांतला चौथा एदुआर्दो कामान्यो, लोकसभेचा सभापती. वर्ष बदललं तेव्हा देश त्याच्या ताब्यात होता. २ जानेवारीला त्याने तो पुढच्याच्या हाती दिला.

आता गोव्याकडे एकदा वळायलाच हवं, कारण गालिसियन आडनावं तिथे आहेत आणि खुशाल आहेत. आंद्रादे हे गालिसियात पोंतेदेउमेजवळच्या पॅरिशचं नाव, तिथल्या दांडग्या सरदार घराण्याचं. लेमोस हा मोंफोर्तेच्या आसपासचा मुलूख. दोन्ही नावं सरदारांबरोबर पोर्तुगालात उतरली, तिथून जहाजांवर चढली आणि बाप्तिस्म्याच्या वेळी, पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव म्हणून, गोव्यातल्या आणि वसईतल्या घरांना लागली. रक्त एका थेंबाचं नाही, आडनाव अस्सल. ब्वेनोस आइरेसच्या कामान्योकडे रक्त आहे आणि आडनावातला 'आ' गेला आहे.

कवीच्या वंशाचं मात्र पुढे काही नाही. लुइश द कामोंइशला मूलबाळ असल्याची नोंद नाही. १५८० च्या सुमारास तो लिस्बनला वारला, कबर भूकंपात हरवली, १८८० साली त्याची म्हणून जी हाडं थाटात जेरोनिमोशच्या मठात नेली ती त्याचीच का, यावर पैज लावायला कुणी धजणार नाही. आज ते आडनाव संस्थांच्या पाट्यांवर, चौकांवर जास्त आणि दारावरच्या पाट्यांवर कमी दिसतं.

काआमान्यो हे नाव पुन्हा गाजलं ते २०१० मध्ये, आणि तेही आडनावांवरूनच. गालिसियाच्या किनाऱ्यावर, सेए गावात जन्मलेले घटनातज्ज्ञ फ्रान्सिस्को काआमान्यो तेव्हा स्पेनचे न्यायमंत्री होते. त्यांच्या खात्याने जन्मनोंदणीचा नवा कायदा आणला: बापाचं आडनाव आपोआप पहिलं, ही चाल बंद, आईबापांनी मिळून ठरवावं. आणि नाहीच जमलं तर? मसुद्यात उत्तर होतं: वर्णमालेप्रमाणे. देशभर गलका झाला. 'झेड'ने सुरू होणारी आडनावं चार पिढ्यांत मरतील, 'ए'वाले राज्य करतील! मंत्र्यांचं स्वतःचं आडनाव 'सी'पासून, आणि पुढची दोन्ही अक्षरं 'ए', हे कुणाच्या नजरेतून सुटलं असेल असं वाटत नाही. वर्णमालेचं कलम गळालं. २०११ च्या कायद्यात शेवटी असं आलं की नोंदणी अधिकाऱ्याने आईबापांना तीन दिवसांची मुदत द्यावी, तरीही ठरलं नाही तर बाळाचं हित बघून क्रम त्याने लावावा. आडनावांचं हे कलम लागू व्हायला जून २०१७ उजाडलं. तोवर सरकार बदलून मंत्री पुन्हा प्राध्यापक झाले होते. थोरल्याला जो क्रम मिळेल तोच धाकट्या भावंडांना. त्यामुळे भांडायचं ते पहिल्या बाळाच्याच वेळी, आणि तीन दिवसांच्या आत.